कोणी न बसलेल्या खुर्च्या

२ तारीख, सोमवार

रंगकामाच्या पुस्तकात म्हटलं आहे की रोज कोणता रंग किती मिसळला ते वहीत टिपून ठेवावं, नाहीतर दुसऱ्या दिवशी तीच छटा पुन्हा हाती लागत नाही. म्हणून ही वही आणली. छटांच्या जोडीला बाकीचंही लिहिलं जाणार असं दिसतंय. लिहिलं जाऊ दे. वाचणारी मी एकटीच आहे.

आधी काय ठरलं ते लिहिते, म्हणजे नंतर कोणी शब्द फिरवायला नको. घरामागचा कारखाना यांच्या आणि धाकट्या भाऊजींच्या नावावर आहे. कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांब खोली, दोन खिडक्या आणि भिंतीला टांगलेली हत्यारं. हे गेल्याला चार महिने झाले. परवा भाऊजी सांगून गेले की एका औषधाच्या व्यापाऱ्याला ती खोली गोदामासाठी हवी आहे, पुढच्या पहिल्या तारखेपासून. "बंद खोलीत घुशी होतात, वहिनी," म्हणाले. मी म्हटलं, बंद नाही राहणार, मी उघडते. उघडून करणार काय, असं त्यांनी विचारलं. ते दाराबाहेरच उभे होते. मी आतल्या दहा खुर्च्यांकडे बोट केलं.

या खुर्च्या म्हणजे यांच्या हातचं शेवटचं काम. समुद्रावर पाहुणघर चालवणाऱ्या एका बाईंनी त्या करायला सांगितल्या होत्या. लाकूडकाम पुरं झालंय, रंग बाकी आहे. आणि रंग साधा नाही. वीस वर्षं किनाऱ्यावर, खाऱ्या वाऱ्यात राहिल्यासारख्या त्या दिसायला हव्यात. रंग उडालेला, खालचं लाकूड करडं पडलेलं, हाताला खरखरीत. हे तेव्हा म्हणाले होते, "पाळण्यातल्या पोराला पांढऱ्या मिशा काढून द्यायच्या आहेत." पण काम घेतलं. रंगाचं मागाहून बघू म्हणाले. बघायचं राहून गेलं.

तर ठरलं ते असं. महिनाअखेरीला बाईंनी दहाही खुर्च्या पसंत करून नेल्या तर कारखाना माझ्याकडे राहील आणि मी असलीच कामं घेईन. नाही नेल्या तर किल्ली मुकाट्याने भाऊजींच्या हातावर ठेवीन. लेक साक्षीला होती. ती म्हणाली, आई, तू आजवर घराची खिडकीसुद्धा रंगवलेली नाहीस.

खरं आहे. नाही रंगवलेली.

३ तारीख, मंगळवार

मी चौथीपर्यंत शिकले. पुढचं वाचन वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालं आणि मग वाचनालयात. हे पुस्तक तिथलंच. वाचनालयातला माणूस म्हणाला, नऊ वर्षांत ते कोणी नेलेलं नाही, फाडलंत तरी कोणाला कळणार नाही. मी त्याला कागदाचं वेष्टन घातलं.

पुस्तक सांगतं, पहिल्यांदा तारेच्या ब्रशने लाकूड रेषेच्या दिशेने घासावं. मऊ भाग निघून जातो, कठीण रेषा वर उभ्या राहतात. समुद्राला जे वीस वर्षं लागतात ते ब्रश अर्ध्या तासात करतो.

ब्रश घेऊन पहिल्या खुर्चीपुढे बसले. आधी तिच्या हातावरून तळवा फिरवला. सायीवरून फिरावा तसा फिरला. कुठे एक कुसळ नाही. हे रात्री जेवताना बोटं चोळत बसायचे, काचकागद घासून घासून बोटांचे ठसे गेले म्हणायचे. ते ठसे कुठे गेले ते आज कळलं.

ब्रश खाली ठेवला. कोपऱ्यातल्या फळकुटांवर सराव केला, संध्याकाळपर्यंत. सराव लागतोच. पुस्तकातही तसंच आहे, पान अकरा.

५ तारीख, गुरुवार

पान सव्वीस. ओल्या रंगावर जाडं मीठ दाबून बसवावं, वाळल्यावर झाडून टाकावं, म्हणजे रंगाला बारीक खड्डे पडतात. मी काल केलं आणि वर थोडी हुशारीही केली. समुद्राचा रंग आणि त्यात मीठच नाही, हे कसं? म्हणून मीठ झाडलंच नाही. त्यावर तसाच पातळ लाखेचा हात दिला.

आज सकाळी फळी घामाने डबडबली होती. हवेतलं पाणी मिठाने ओढून घेतलं आणि रंगाला फोड आले. लेक कामावर जायला निघाली होती, ती दारातून डोकावली आणि म्हणाली, ही फळी रडतेय का? मी म्हटलं, रडत नाही, काम मी करते आणि घाम तिला फुटतो. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

टिपण: मीठ झाडायचं. मग ओल्या फडक्याने दोनदा पुसायचं. हुशारी करायची नाही.

६ तारीख, शुक्रवार

आज पहिली खुर्ची घासली.

डोळे मिटून करावं असं वाटलं होतं, पण डोळे मिटले तर रेषा चुकते. तेव्हा उघड्या डोळ्यांनी केलं. पहिला फटका जपून दिला. दुसरा कमी जपून. खुर्चीच्या हाताचा पुढचा भाग झाला तेव्हा खालून लाकडाच्या रेषा वर यायला लागल्या, एकीशेजारी एक, वाळूवर लाट परतल्यावर राहतात तशा. मला त्या सुंदर दिसल्या. वाईट वाटायच्या जागी सुंदर दिसल्या याचं वाईट वाटलं, पण ते नंतर, चहा घेताना.

यांची खरवडायची पट्टी वापरून बघितली. जमली नाही. डाव्या हाताने धरून धरून ती त्याच अंगाला झिजली आहे, माझ्या उजव्यात आडवी जाते. उद्या नवी आणेन.

९ तारीख, सोमवार

सहा खुर्च्या घासून झाल्या. मनगट सुजलंय. लेकीने घट्ट पट्टी बांधून दिली आणि पट्टी बांधलेल्या हातानेच मी सातवी घ्यायला गेले म्हणून चिडली.

दुपारी भाऊजी आले. दाराशी उभे राहिले, आत आले नाहीत. या म्हटलं तर म्हणाले, वास येतो. मी म्हटलं, आज रंगाचा डबा उघडलासुद्धा नाही, नुसता लाकडाचा भुसा आहे. तोच वास म्हणतोय, म्हणाले. पोरवयात दोघे भाऊ याच खोलीत सुतारकाम शिकले, मग भाऊजी पोस्टात लागले. पोस्टात खुर्चीवर बसून माणसाला भुशाचाही वास सहन होत नाही म्हणजे कमाल आहे.

व्यापारी उत्तर मागतोय म्हणाले. मी म्हटलं, महिनाअखेर ठरलंय. ते खुर्च्यांकडे न बघताच गेले. माणूस शत्रुत्वाने तरी बघतो.

११ तारीख, बुधवार

रंग: तळाला करडा, पाण्यासारखा पातळ. त्यावर, जिथे झीज दाखवायची तिथे मेणबत्ती घासायची. मग पांढऱ्यात खडूची पूड घालून दाट केलेला हात, ब्रश टेकवत टेकवत. पांढरा चार वाट्या, पूड दीड वाटी. वर निळसर हिरव्याचं पुसट फडकं. वाळलं की पट्टीने खरवडायचं. मेण असेल तिथला रंग आपोआप सुटतो.

सुटला. चार खुर्च्या ओळीने ठेवल्या आणि लेकीला बोलावलं. तिने मान तिरकी करून बघितलं. "आई, यांना गोवर आलाय."

राग आला, पण बघितलं तर खरंच गोवर. सगळीकडे सारखे चट्टे. पायावर, पाठीवर, बैठकीखाली, जिथे माझा हात सहज पोचला तिथे मेण घासलं होतं. रंग देणाऱ्याच्या सोयीने झीज झालेली. वापरणाऱ्याच्या सोयीने झीज कुठे होते हे पुस्तकात नाही. पुस्तक लिहिणाऱ्याने खुर्च्या रंगवल्या असतील, बसला नसेल.

हात दाखवून अवलक्षण झालं म्हणून सोडून द्यायचं नाही. शुक्रवारी धक्क्यावर जाते.

१३ तारीख, शुक्रवार

तासाभराची बस, मग धक्का. होडीची वाट बघणाऱ्यांसाठी तिथे जुनी लाकडी बाकं आणि हाताच्या खुर्च्या आहेत. मी तिकिटाच्या खिडकीजवळ उभी राहून साडेतीन तास माणसं बघितली. दोन होड्या गेल्यावर तिकीटवाल्याने विचारलं, मावशी, कोणाची वाट बघताय? मी म्हटलं, कोणाची नाही, बसतात कसे ते बघतेय. त्याने खिडकी थोडी लोटून घेतली.

बघितलं ते असं. बसताना माणूस आधी हाताचं टोक धरतो, म्हणून रंग टोकावर पहिल्यांदा जातो, गोल जातो. उठताना तळवा मागे टेकतो. टाचा पुढच्या दोन पायांमधल्या आडव्या पट्टीवर चढतात, आणि तिथे रंगच काय, लाकूडही खोलगट होतं. पाठीचा वरचा कोपरा खुर्ची ओढणाऱ्याच्या मुठीने काळा पडतो. बैठकीखाली काहीच होत नाही, तिथे रंग नवा करकरीत असतो. आणि पायांच्या तळाशी, जिथे फरशी धुतल्याचं पाणी साचतं, तिथे चार बोटं करडं.

माणसं मोकळ्या खुर्चीतही बसल्यासारखी दिसतात. परतीच्या बसमध्ये मी समोरच्या आसनाची दांडी सगळा रस्ता बघत आले.

१५ तारीख, रविवार

चारही खुर्च्यांचा गोवर पुसून काढला आणि पुन्हा तळापासून सुरू केलं. आता कुठे मेण घासायचं याचा विचारच करावा लागत नाही. हात आपोआप जातो. डाव्या हाताचं टोक जास्त, उजव्याचं जेमतेम. उजवी टाच पट्टीवर, जरा मध्याच्या बाहेर. पाठीचा डावा कोपरा मुठीने काळा करायचा. दोन दिवसांत तीन खुर्च्या झाल्या आणि तिन्ही बघितल्यावर असं वाटतं, आत्ताच कोणी उठून पाणी प्यायला गेलंय.

१७ तारीख, मंगळवार

सात झाल्या. जेवायचं लक्षात राहत नाही. लेक म्हणते, तू तिथे गुणगुणतेस. मी गुणगुणत नाही.

१८ तारीख, बुधवार

भाऊजी आले आणि या खेपेला आत आले. ओळीच्या कडेकडेने चालत तिसऱ्या खुर्चीपाशी थांबले आणि तिच्या डाव्या हातावर आपला हात ठेवला, टोकाशी, झिजवलेल्या जागी. बराच वेळ ठेवला. रंग वाळलाय का बघत असतील असं समजून मी सांगितलं, वाळलाय. त्यांनी पाणी मागितलं. आणून दिलं तर अर्धं पिऊन भांडं कामाच्या टेबलावर ठेवलं आणि निघून गेले.

एवढं काम केलं, बरं नाही तर वाईट तरी म्हणायचं. ढिम्म. यांचा सख्खा भाऊ, पण शब्दाच्या बाबतीत कवडीचुंबक.

२० तारीख, शुक्रवार

पाहुणघरवाल्या बाई आल्या. दहाही खुर्च्या तयार होत्या, उजेडात मांडल्या होत्या. बाई वयाने माझ्याहून लहान, बोलायला सरळ. त्या एकेका खुर्चीभोवती फिरल्या, वाकून पट्ट्या बघितल्या, दोन खुर्च्यांत बसल्या. मी हात पदराआड धरून उभी होते.

"काकू, कुठलीही एक उचलली तर मी डोळे झाकून नेईन," त्या म्हणाल्या. "इतकी खरी मी बघितली नाही."

मग त्या मागे सरकल्या, दारापर्यंत गेल्या, आणि तिथून सगळ्या ओळीकडे बघितलं.

"पण दहाही एकाच माणसाच्या आहेत."

मला समजलं नाही. त्यांनी दाखवलं. दहाच्या दहा खुर्च्यांचा डावा हात झिजलेला. दहांची पट्टी उजव्या टाचेने. दहा वेळा डावा कोपरा ओढलेला. "उंच माणूस आहे, डावखुरा आहे. तो एका खुर्चीतून उठून दुसरीत बसतो, मग तिसरीत. माझ्याकडे जेवायला दहा पाहुणे बसतील, काकू. त्यांना वाटेल, त्यांच्या आधीच कोणीतरी सगळ्या जागा धरून ठेवल्यात." मग त्यांनी हळूच विचारलं, "कोण आहे हा?"

मी सांगितलं नाही. त्यांनी यांना एकदाच बघितलं होतं, तेही उभ्या उभ्या. पण माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि एकोणतीस तारखेपर्यंत थांबते म्हणाल्या. त्यानंतर पाहुणे येणार, तेव्हा दुसरीकडून घ्याव्या लागतील. अशा नेऊ शकत नाही, हे मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला ते आवडलं. सांभाळून घेते म्हणणारी माणसं चार महिने खूप भेटली.

त्या गेल्यावर मी जमिनीवर बसले. खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी त्यांत बसायला जागा नव्हती.

२१ तारीख, शनिवार

काम केलं नाही. कारखाना उघडलाही नाही.

लेकीला सगळं सांगितलं. ती उठून कारखान्याची किल्ली घेऊन गेली, आणि परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. म्हणाली, मला आधी दिसलं कसं नाही? मग म्हणाली, पुसायच्या असतील तर नऊ पूस, एक ठेव. एक आपल्याला राहू दे, बाईंना नऊ चालतील का विचारू.

संध्याकाळभर ते मनात घोळवलं. एक ठेवायची. कोणती? आणि ठेवून काय करायचं? घरात येणारा प्रत्येक जण तिला वळसा घालून जाणार, आणि आम्ही दोघी तिच्यावरची धूळ झटकत म्हाताऱ्या होणार. यांना बसायला केलेली खुर्ची घरात आहेच, ती साधी आहे, पाय डगमगतो. या दहा त्यांनी स्वतःसाठी केल्या नव्हत्या. दहा जणांसाठी केल्या होत्या. अनोळखी दहा जणांना बसताना कुसळ लागू नये म्हणून बोटांचे ठसे घालवले होते.

तेव्हा दहा म्हणजे दहा.

२२ तारीख, रविवार

आठ दिवस आणि दहा खुर्च्या. पहाटे उठून तारेचा ब्रश घेतला.

या खेपेला एकेका खुर्चीपुढे बसून आधी माणूस ठरवायचा. पहिला रंगवाला घेतला, कारण त्याच्या दुकानात मी तीन आठवडे जाते आहे. तो खुर्चीत उलटा बसतो, पाठ पोटाशी घेऊन, दोन्ही कोपर पाठीच्या वर. तेव्हा त्या खुर्चीची पाठच वरून झिजवली, हात जवळजवळ कोरे ठेवले. उभी राहून बघितलं तर मला त्याची ढेरी दिसली.

२४ तारीख, मंगळवार

पाच झाल्या. धक्क्यावरची एक बाई घेतली, पाय वर घेऊन मांडी घालून बसलेली. तिची पट्टी कोरी आणि बैठकीच्या दोन्ही कडा गेलेल्या. वाचनालयातला माणूस घेतला. त्याचा उजवा कोपर पुस्तकाच्या वजनाने एकाच जागी टेकलेला असतो, आणि पान उलटायच्या आधी तो अंगठ्याने खुर्चीचा हात चोळतो. लेकीची खुर्चीही केली आणि तिला दाखवली. तिने विचारलं, या पट्टीचं मध्येच असं का वाटोळं झालंय? मी म्हटलं, तू बसल्या बसल्या पाय हलवतेस म्हणून, शाळेपासून सांगतेय. तिने पाय हलवायचा थांबवला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

एक खुर्ची भाऊजींची केली. काठावर बसतात ते, कधीही उठून जाणार असल्यासारखे. बैठकीची पुढची कड तेवढी झिजवली. मागचा भाग आणि पाठ तशीच नवी, पाठीला पाठ कधी लागलेलीच नाही. करताना चिडून केली होती. झाल्यावर बघितली तर तिची दया आली.

२६ तारीख, गुरुवार

नऊ झाल्या. राहिली ती ओळीतली तिसरी. मुद्दाम शेवटी ठेवली नव्हती, पण ठेवली गेली.

सकाळी तिच्यात बसले. माझा डावा हात त्या झिजलेल्या जागी नीट बसला नाही. जागा मोठ्या हाताची होती. मी उठले, आणि खुर्चीच्या त्या हातावर पांढरा दाट रंग भरला. चार वाट्यांना दीड वाटी पूड. तीन थर लागले. प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबावं लागतं आणि थांबण्याइतकं अवघड काही नाही. दुसऱ्या थरापर्यंत खालचं करडं जरा दिसत होतं. तिसऱ्याने गेलं.

मग कोण बसवायचं? मला कोणीच सुचेना. शेवटी पाहुणघरवाल्या बाईंना बसवलं. त्या उजव्या मुठीने खुर्ची ओढतात आणि बसताना दोन्ही हात सारख्याच जोराने धरतात, जहाजावर बसल्यासारखे.

संध्याकाळपर्यंत ती त्यांची झाली.

२७ तारीख, शुक्रवार

मेणाचा शेवटचा हात. फडक्याने घासायचा, चमक येऊ द्यायची नाही. कारखान्यात आता दहा जण आहेत आणि एकमेकांशी पटत नसल्यासारखे दिसतात. बरं वाटलं.

२९ तारीख, रविवार

टेम्पो भाऊजींनी आणला. मी सांगितलं नव्हतं, लेकीने सांगितलं असणार. खुर्च्या चढवताना त्यांनी प्रत्येक खुर्ची स्वतः धरली, ड्रायव्हरला हात लावू दिला नाही, आणि मध्ये जुन्या गोधड्या घातल्या. तासभर रस्ता. समुद्र दिसायला लागल्यावर मी मागे वळून गोधड्या सरकल्या नाहीत ना ते बघितलं.

बाईंनी खुर्च्या जेवणघरात मांडायला लावल्या, लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना. दारातून बघितलं, मग एकेक जवळून. तेवढ्यात आतून त्यांच्या सासूबाई आल्या, ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत. त्यांनी आपल्याआपण एक खुर्ची निवडली आणि बसल्या. उजवा तळवा खुर्चीच्या हातावर गेला, अंगठा झिजलेल्या जागी फिरला.

"कोणाच्या घरातून उचलून आणल्यास गं या?" त्यांनी सुनेला विचारलं.

बाई म्हणाल्या, नव्या आहेत, या काकूंनी रंगवल्यात.

"मला शिकवू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "हिच्यात कोणीतरी मूल मांडीवर घेऊन बसायची. वर्षानुवर्षं. इथे अंगठ्याने चोळत राहायची, ते झोपेपर्यंत."

ती वाचनालयातल्या माणसाची खुर्ची होती. त्याचं लग्नही झालेलं नाही.

बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. दहाही ठेवल्या. व्हरांड्यासाठी आणखी सहा हव्या आहेत, लाकूडकामाला सुतार तुम्हीच शोधा म्हणाल्या, रंग मात्र तुमचाच. हो म्हटलं. मी कुठून शोधणार ते मला माहीत नाही, पण हो म्हटलं.

परत येताना टेम्पोत पुढे आम्ही तिघे. निम्मा रस्ता झाल्यावर मी म्हटलं, भाऊजी, ठरल्याप्रमाणे झालं, आता त्या औषधवाल्याला कळवून टाका.

"त्याला नाही म्हणून सांगितलंय," ते म्हणाले.

कधी, म्हणून विचारलं. आत्ताच तर बाईंनी होकार दिला.

"झाले दहा-बारा दिवस."

मी हिशेब केला. म्हणजे बाई पहिल्यांदा येऊन गेल्या त्याच्याही आधी. त्यानंतर मी जमिनीवर बसले, त्यानंतर पहाटे उठून आठ दिवस हात फोडून घेतले, किल्ली द्यावी लागेल या धाकाने. मला इतका राग आला की ड्रायव्हर नसता तर मी बोलले असते. तरी विचारलंच, मला का नाही सांगितलं?

ते काचेबाहेर बघत होते. "तुमचं काम चाललं होतं, वहिनी." मग म्हणाले, "ती तिसरी होती ना ओळीत. ती पण पुसली?"

"पुसली."

"हं," म्हणाले. घर आलं. उतरताना म्हणाले, सहा खुर्च्यांचं लाकूड कुठलं घ्यायचं ते यायच्या रविवारी बघायला जाऊ. मी लाकूड बघायला सुतार लागेल म्हटलं. त्यावर ते गोधड्यांच्या घड्या घालायला लागले.

आता लेक झोपली आहे आणि मी राग उतरायची वाट बघत लिहिते आहे. या माणसाने वेळेवर तोंड उघडलं असतं तर माझी झोप वाचली असती, मनगट वाचलं असतं. कारखाना राहणारच होता. बाईंना मी सांगून टाकलं असतं की तुमच्या खुर्च्या दुसरीकडून घ्या. आणि त्या दहा तिथेच राहिल्या असत्या. रोज सकाळी कुलूप काढून मी त्यांच्यामध्ये जाऊन उभी राहिले असते, आणि कोणी विचारलं असतं तर म्हटलं असतं, कारखाना चालवते.

त्यांनी सांगितलं असतं तर मी दुसऱ्यांदा ब्रश हातात घेतला असता का, हा प्रश्न मघापासून समोर आहे. वहीत खोटं लिहायचं नाही.

नसता घेतला.